पुलाखाली शनिवारी सहा ठिकाणची खिचडी, मंगळवारी कोणीच नाही. हे जुळवायचं कसं?

चाळीतला_धाकटा

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही परळचे. आधी चाळ होती, आता त्याच जागी टॉवर. खाली उतरून पाच मिनिटं चाललं की फ्लायओव्हर, आणि त्याच्याखाली आणि पुढच्या फुटपाथला धरून पन्नासेक माणसं झोपतात. कुत्र्याला फिरवायला रात्री साडेअकराला उतरतो तेव्हा मोजलीत मी, दोनचार इकडेतिकडे असतील. काही फॅमिल्या आहेत, काही एकटे बाप्ये, एक म्हातारे काका जे कोणाशीच बोलत नाहीत, आणि एक बाई दिवसभर भिंतीशी बोलत बसते.

आता गंमत बघा. शनिवारी आमचं मंडळ खिचडी वाटतं. त्याच रात्री लंगरची गाडी येते, मग कॉलेजची मुलं, मग कुठल्यातरी कंपनीचे एकसारखे टीशर्ट घातलेले लोक, मग कोणाचा तरी वाढदिवस म्हणून बिर्याणी. मागच्या शनिवारी आठ ते दहाच्या मधे मी सहा गाड्या मोजल्या, सहा!! उरलेलं सगळं डिव्हायडरमधे, सकाळी उंदीर आणि कावळे आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शंभर मेसेज. आणि मंगळवार बुधवार कोणी म्हणजे कोणी फिरकत नाही. जानेवारीत कोणीतरी ब्लँकेटं वाटली, पाठोपाठ दुसऱ्यांनी वाटली, मग तिसऱ्यांनी. त्यांनी दोन दोन विकली. लगेच आमचे लोक सुरू, बघा बघा विकतात. अहो मुंबईत एका माणसाने तीन ब्लँकेटं ठेवायची कुठे आणि पांघरायची कधी?

तर माझ्या डोक्यात असं आहे की सगळ्या वाटणाऱ्यांचा एक ग्रुप करायचा आणि एक शीट बनवायची, त्यात पुलाखालच्या प्रत्येकाचं नाव, फोटो, वय, आधार नंबर असला तर तो, काय हवंय, काय मिळालं. लिंक सगळ्यांना. म्हणजे डबल डबल होणार नाही. कोणी केलंय का असं?

दुसरं म्हणजे आमच्या कमिटीचं चाललंय की तिथे मोठ्या सिमेंटच्या कुंड्या ठेवायच्या म्हणजे झोपायला जागाच उरणार नाही. पुढच्या महिन्यात सोसायटीची एजीएम, म्हणजे वार्षिक सभा आहे. तिथे उभं राहून काय बोलू? मी बोललो की सगळे म्हणणार तुझ्या घरी ने मग.


भायखळा_स्लो

लॉकडाऊनमधे आम्ही रेशनचे किट वाटायचो तेव्हा पहिले दोन आठवडे हाच राडा होता, एका गल्लीत चार वेळा डाळ आणि पुढच्या गल्लीत शून्य. अनुभवाने सांगतो, ग्रुप काढून काही होत नाही, तिसऱ्या दिवशी तिथे गुड मॉर्निंगची फुलं सुरू होतात. सगळ्यांना एकदा चहाला बोलवा. मंडळाच्या ऑफिसात, संध्याकाळी, पाऊण तास. प्रत्येक ग्रुपचा एकच माणूस, पण जो खरंच गाडीबरोबर येतो तो, साहेब नको. भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि वार वाटून घ्या. बस. शनिवार कोणीच सोडणार नाही कारण सगळ्यांना सुट्टी असते, मग शनिवारवाल्यांना सांगा की शिजवलेलं नको, तुम्ही पाणी, साबण, ओआरएस वगैरे बघा.

दुसरं, आधी विचारा हो त्यांना काय हवंय. आम्ही सहा महिने पुरीभाजी वाटल्यावर एका ताईला विचारलं तर ती म्हणाली जेवण मिळतं कुठूनतरी, संडासचं बघा. पे अँड यूज रात्री बंद व्हायचं आणि दिवसाला घरातल्या पाच जणांचे पैसे कुठून आणायचे. आम्ही तिथल्या चालवणाऱ्याशी बोलून बायकांचे महिन्याचे पैसे एकगठ्ठा आधीच भरले आणि दार उशिरापर्यंत उघडं ठेवायला लावलं. वर्षभरात आम्ही जे काय केलं त्यात हे सगळ्यात कामाचं, आणि त्याचा एकही फोटो नाही आमच्याकडे, संडासचा काय फोटो काढणार.

जूनच्या आधी ताडपत्री. चपला, साइज विचारून. ब्लँकेट अजिबात नको.


स्पष्टवक्ता_माहीम

मी वाईट दिसलो तरी चालेल पण बोलतो. फुटपाथ चालायला असतो. माझी आई ७८ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तिला रोज गाड्यांच्या मधून चालावं लागतं कारण फुटपाथवर चूल मांडलेली असते. तुम्ही खायला घालता म्हणून ते तिथून हलत नाहीत. बीएमसीचे निवारे आहेत ना, सरकारी पैसा येतो त्याला, तिथे पाठवा. पुण्य कमवायचं तुम्ही आणि त्रास आम्ही काढायचा असं किती दिवस?


ओपीडीतली_ताई

मी एका हॉस्पिटलात समाजसेवा विभागात काम करते, पुलाखालून आलेले पेशंट रोज बघते म्हणून लिहितेय.

स्पष्टवक्ता, आईंचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि तो कोणी उडवून लावू नये. पण निवाऱ्यात पाठवा म्हणता तर निवारे आहेत किती? सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय की मोठ्या शहरात दर १ लाख लोकांमागे एक निवारा हवा, बाराही महिने, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशे निवारे झाले. आपल्याकडे त्याच्या जवळपासही नाहीत. आणि त्याच जनगणनेत एका रात्रीत, २८ फेब्रुवारीच्या, मुंबईत ५७ हजारांवर बेघर मोजले गेले. एका रात्रीत जे सापडले तेवढे हां, जे गोडाऊनच्या मागे, प्लॅटफॉर्मच्या टोकाला होते ते सोडून. शिवाय बरेच निवारे फक्त पुरुषांचे किंवा फक्त बायकांचे असतात. नवरा, बायको, तीन मुलं आणि सासू असं कुटुंब तोडून दोन वॉर्डात टाकायचं का? त्यापेक्षा ते पुलाखाली बरे म्हणतात, मीही तेच म्हटलं असतं.

आता धाकटा, तुला. पुलाखालचे म्हणजे एक जात नाही. परळ म्हटल्यावर त्यातले काही नक्की टाटा हॉस्पिटलला आलेले असणार, बिहार बंगालहून किंवा आपल्याच विदर्भातून. त्यांना खिचडी नको असते, त्यांना किमो संपेपर्यंत पाठ टेकायला जागा हवी असते. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच पेशंटसाठी आहे, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागातून विचारायला सांग, कित्येकांना हे कोणी सांगितलेलंच नसतं. मग नाका कामगार, सकाळी नाक्यावर उभे राहून रोजचं काम मिळवणारे, त्यांचं गावी घर आहे, इथे नाही. मग पारधी कुटुंबं असतील, सिग्नलवर गजरे विकणारी. ती आज आलेली नसतात. सोलापूर, उस्मानाबादकडून ७२ च्या दुष्काळानंतर आलेल्यांची नातवंडं आता पुलाखाली संसार करतायत, जन्म इथलाच आणि दाखला कुठलाच नाही.

आणि म्हणून ती तुझी शीट. बाळा, ती करू नकोस. मनापासून सांगते. नाव, फोटो, आधार नंबर आणि झोपायची जागा असलेली यादी चाळीस अनोळखी माणसांच्या फोनमधे गेली की ती यादी कोणाचीही होते. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून चालू आहे. दिल्लीत हायकोर्टाने २०१८ ला त्यातली बरीच कलमं रद्द केली पण ती दिल्लीपुरती. इथे भीक मागताना पकडलं तर पहिल्याच वेळी वर्ष ते तीन वर्षं चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात ठेवता येतं. पारध्यांना तर यादी या शब्दाचीच धडकी आहे, इंग्रजांनी त्यांच्या याद्याच केल्या, गुन्हेगार जमात म्हणून, ते १९५२ ला सुटले, कागदावर. तू फोटो काढायला लागलास की दुसऱ्या दिवशी अर्धी माणसं गायब होतील आणि तू म्हणशील बघा मदत करायला गेलो तर पळाले.

यादी करायचीच तर वाटणाऱ्यांची कर. कोण, कुठल्या वारी, काय आणतो, फोन नंबर. पुलाखालच्यांचं जे आहे ते त्यांच्याच हातात एका फाइलमधे राहू दे.

ती भिंतीशी बोलणारी बाई. तिला खायला देऊन पुढे जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १०० आहे, अशी स्वतःला सांभाळू न शकणारी व्यक्ती फिरताना दिसली तर पोलीस स्टेशनने तिला संरक्षणात घ्यायचं, लॉकअपमधे नाही, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि घर सापडत नसेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाईक शोधायचे. एक दोन शांत डोक्याच्या बायका घेऊन जा, कलम सांगा, भांडू नका. कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था हेच काम करते, उपचार करून माणसं घरी पोचवते, २०१८ ला त्यांना मॅगसेसे मिळालं. कित्येकदा घर असतं हो, फक्त दीड हजार किलोमीटरवर असतं.

मुलं दिसली की लोक लगेच १०९८, मुलांची हेल्पलाइन, लावतात. एकटं मूल असेल, मार खाल्लेलं असेल तर जरूर लावा. पण आई शेजारी बसलेली असताना आधी आईशी बोला. नाहीतर मूल एकीकडे आणि आई दुसरीकडे दाखले शोधत फिरते.

अजून एक सांगून थांबते, ड्युटी आहे. खोकणारे किती आहेत बघ. टीबीची औषधं फुकट आहेत आणि आहारासाठी महिना १००० रुपये सरकार देतं, पण ते खात्यात येतात. खात्याला आधार, आधारला पत्ता, पत्त्याला घर. माझ्याकडचा एक पेशंट पूर्ण सहा महिने त्या हजारावाचून गोळ्या खात होता, उपाशी पोटी. खिचडीच्या सहा गाड्यांपैकी एका गाडीतल्या लोकांनी फक्त कागदांचं काम धरलं तर फार मोठं होईल.


स्पष्टवक्ता_माहीम

कागदांचं पटलं. कुटुंब तोडायचं नाही तेही पटलं. पण चुलीचं काय ते बोला.


काळ्या_कोटातला

एजीएमसाठी मटेरियल देतो. १९८१ ला अंतुले मुख्यमंत्री असताना भर पावसाळ्यात फुटपाथवाल्यांना उचलून बसमधे घालून मुंबईबाहेर पाठवायचा कार्यक्रम झाला होता. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, निकाल १९८५ च्या जुलैमधला, सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड. कोर्ट म्हणालं जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क आला, माणूस फुटपाथवर राहतो कारण काम तिथून जवळ असतं.

पण अर्धाच निकाल सांगू नकोस, समोर कोणी वाचलेला असला तर तोंडावर पडशील. त्याच निकालात हेही आहे की फुटपाथ अडवायचा हक्क कोणाला नाही आणि पालिका हटवू शकते, फक्त रीतसर नोटीस देऊन, म्हणणं ऐकून. आणि पाऊस संपेपर्यंत म्हणजे त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत हात लावू नका असंही सांगितलं होतं. म्हणजे स्पष्टवक्तांची आई आणि पुलाखालची बाई दोघीही त्या एकाच निकालात आहेत.

कुंड्यांचं सोपं आहे. फुटपाथ सोसायटीचा नाही. सार्वजनिक जागेवर परवानगीशिवाय कुंड्या ठेवणं हे पण अतिक्रमणच. कमिटीला एवढंच विचार की परवानगीचं पत्र कोणाच्या सहीने आलंय. शांतता पसरेल.


फुलबाजार_पहाटे४

वाचत होतो नुसता पण लिहावंसं वाटलं. मी साताऱ्याकडच्या माणचा. गावाकडे पाणी नाही म्हणून ९३ ला आलो आणि दादरच्या फुलबाजारात हमालीला लागलो. साडेचार वर्षं दुकानाच्या ओट्यावर झोपलो. आता विरारला वन बीएचके आहे, पोरगी बँकेत आहे, हे आधीच सांगतो म्हंजे कोणी हळहळू नका.

मला काय पायजे होतं सांगू का? जेवण नव्हतं पायजे, कमवत होतो मी. पायजे होती पेटी ठेवायला जागा. माझी एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात कपडे, आईची पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या. ती एका उडप्याच्या हॉटेलात भटारखान्यामागं ठेवू दिली मला त्या अण्णानं, एक पैसा न घेता. त्याच्याच पत्त्यावर माझी पत्रं यायची. पेटी नसती तर पालिकेची गाडी आली की सगळं उचललं गेलं असतं, बाकीच्यांचं जायचंच की, रेशन कार्ड आणि पोराचा शाळेचा दाखला आणि गोधडी सगळं एका टेम्पोत. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुसरं, झोप. तुम्ही लोक ऑफिस सुटून जेवून खाऊन रात्री बाराला येता आणि झोपलेल्याला हलवून केळं देता आणि फोटो घेता. मी पहाटे तीनला उठायचो. तीनला. साडेआठच्या पुढं वाटायचंच नाही असा नियम करा, केळ्याचं पुण्य सकाळी पण मिळतंय.

आणि चुलीचं, माहीमवाल्या साहेबांना. चूल काढा म्हणून सांगून होत नाही. पण बायकांना बसवून विचारा की चालायला एवढी जागा सोडायची तर कुठपर्यंत सरकता. त्याच सांगतील. त्यांच्या पण म्हाताऱ्या आहेत.


भायखळा_स्लो

साडेआठचा नियम +१. आम्ही बारालाच जायचो. लाज वाटली वाचून.


काळ्या_कोटातला

एक राहिलं. मतदार यादीत नाव घालायला घर लागत नाही. फॉर्म ६ मधे झोपायची जागा लिहायची, निवडणुकीचा बीएलओ, म्हणजे बूथ लेव्हल ऑफिसर, रात्री येऊन, एकदा नाही, दोनदा तीनदा बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का, आणि झोपत असेल तर पत्त्याचा पुरावा मागत नाही. निवडणूक आयोगाचाच नियम आहे, कित्येक बीएलओंनाही माहीत नसतो. आधारसाठी ठरलेल्या नमुन्यावर आमदार खासदार किंवा गॅझेटेड ऑफिसरच्या सहीचं पत्र चालतं. तुमच्या टॉवरमधे एखादा गॅझेटेड साहेब असेलच की, त्याला खिचडी ढवळायला न लावता सहीला बसवा.


चाळीतला_धाकटा

तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. शीट डिलीट केली. ताई थँक्यू, चौदा नावं टाकून झाली होती, त्यातली दोन तर मी न विचारताच टाकली होती.

चहा झाला मंडळात. सहापैकी चार आले. लंगरवाले सगळ्यात सोपे निघाले, कॅलेंडर बघितलं आणि म्हणाले मंगळवार खाली आहे ना, तो आमचा, आणि उठून गेले, चहा पण अर्धा ठेवून. टीशर्टवाल्यांना शनिवारच पाहिजे, त्यांच्या वरून तसं आहे म्हणे, मग त्यांना पाण्याचे जार दिले. कॉलेजच्या मुलांवर कागदांचं काम. मला वाटलं पळतील, पण दोन मुली फारच नेटाने करतायत, त्यातली एक स्वतः सोलापूरची आहे, तिच्याशी बायका बोलतात, आमच्याशी नाही. बिर्याणीवाल्या काकू चिडल्यात, त्यांना वाढदिवस मंगळवारी ढकला असं कोणीतरी म्हणालं (मीच).

भिंतीशी बोलणाऱ्या बाईसाठी आई आणि वरच्या मजल्यावरच्या काकू पोलीस स्टेशनला गेल्या. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर एक मॅडम होत्या, त्यांना कलम माहीत होतं, दोन तासात गाडी आली. ती बाई जाताना आईचा पदर सोडत नव्हती. आई त्या दिवशी जेवली नाही. ती बाई आता हॉस्पिटलात आहे एवढं कळलंय, तेलुगू बोलते म्हणे, आम्हाला इतके दिवस वाटायचं ती काहीतरी बडबडते.

एजीएममधे परवानगीचं पत्र मागितलं. शांतता पसरली :) कुंड्या पुढच्या मीटिंगवर ढकलल्या, म्हणजे रद्द नाही हां, ढकलल्या. "तुझ्या घरी ने" अपेक्षेप्रमाणे आलंच. स्पष्टवक्ता साहेब, तुमच्या आईंचा मुद्दा मी तिथे स्वतःच मांडला आणि मग आम्ही पुलाखालच्या बायकांना विचारलं. त्यांनी खांबापासून खांबापर्यंत खडूने रेघ मारून दिली, म्हणाल्या याच्या पुढे पसरणार नाही, चुली मागच्या अंगाला. रेघ दोन दिवसांत पुसली गेली पण बहुतेक जण पाळतायत. एक कुटुंब नाही पाळत. बघू.

म्हातारे काका अजून बोलत नाहीत. ज्येष्ठांच्या हेल्पलाइनला, १४५६७, फोन केला होता, त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण काका उठून दुसऱ्या पुलाखाली गेले. दोन दिवसांनी परत आले. आता मी नुसता शेजारी चहा ठेवून येतो.

आता खरी अडचण. कागदांच्या एकोणीस फाइली झाल्यात. ताई, तुम्ही म्हणालात त्यांच्याच हातात ठेवा, पण फुलबाजारवाले म्हणतात तसं गाडी आली की जाणार. म्हणून लोकांनीच सांगितलं ओरिजिनल तुमच्याकडे, झेरॉक्स आमच्याकडे. सध्या मंडळाच्या कपाटात पावती पुस्तकांच्या शेजारी आहेत. कपाटाची किल्ली खजिनदाराकडे आणि तो मे महिना पूर्ण कणकवलीला. कुलुपाची मोठी पेटी कुठे स्वस्त मिळेल? लोहार चाळीत?


ओपीडीतली_ताई

ओरिजिनल ठेवताय तर किल्ली एका पुरुषाकडे नको. एक तुमच्याकडे, एक पुलाखालच्या कोणीतरी बाईकडे. आणि ज्याची फाइल त्याने मागितली की कारण न विचारता द्यायची.


भायखळा_स्लो

लोहार चाळीत इलेक्ट्रिकचं सामान मिळतं रे, पेटी कुठली मिळायला तिथे.


फुलबाजार_पहाटे४

विकत घेऊ नका. माझी आहे, माळ्यावर पडून आहे. तळाला गंज धरलाय, रंग मारून घ्या. किल्ली हरवलीये, कुलूप तोडावं लागेल. रविवारी सकाळच्या विरार लोकलनं आणतो, लगेजच्या डब्यात. दादरला उतरून घ्यायला कोणीतरी या, एकट्यानं पूल चढवणार नाही आता मला.


स्पष्टवक्ता_माहीम

कितीची गाडी? मी येतो.